वरूनच बंद आहे

माझ्या धंद्यात मी सर्वांत जास्त वेळा बोललेलं वाक्य कुठलं असेल, तर 'वरूनच बंद आहे.' वायर उंदरानं कुरतडलेली असो, रस्त्याच्या खोदकामात तुटलेली असो, की आमच्याच माणसानं डबा उघडा ठेवल्यामुळं आत पाणी गेलेलं असो, गिऱ्हाइकाचा फोन आला की उत्तर ठरलेलं. वर म्हणजे नक्की कुठं, हे इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही. मुंबई, दिल्ली, उपग्रह, सरकार, ज्याला जे वाटेल ते त्यानं समजून घ्यावं. वरच्यांवर कुणी रागवत नाही, आणि आपण खालचे म्हणून आपल्यावरही नाही. फार सोयीचं वाक्य आहे.

राजारामपुरीत या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलची वायर टाकणाऱ्या पहिल्या माणसांत मी होतो. पुढं केबलच्या जोडीला इंटरनेट आलं, आणि शेवटची काही वर्षं सामन्यांचं इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण करायची कामंही मी घेतली. आता सत्तरी ओलांडली आहे, धंदा पुतण्या बघतो. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'धंद्यातल्या गमती लिहा' असं सांगितलं. गमती सांगतो. पण मला लिहायचं आहे ते वेगळं, आणि तिथपर्यंत पोचायला मला थोडा वेळ लागणार आहे.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट कळत नाही. इंटरनेट सगळ्या जगाचं, मग सामना एका ठिकाणी दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही, असं का? कारण खेळाचं प्रक्षेपण शेतजमिनीसारखं तुकडे पाडून विकलं जातं. हिंदुस्थानात दाखवायचा हक्क एकाचा, आखातात दुसऱ्याचा, इंग्लंडात तिसऱ्याचा. एकानं दुसऱ्याच्या बांधात पाय टाकायचा नाही. तुम्ही कुठून बघताय हे कंपनीला कळतं तुमच्या इंटरनेटच्या नंबरावरून. प्रत्येक जोडणी बाहेरच्या जगात एका नंबरानं ओळखली जाते आणि तो नंबर कुठल्या भागातला, याची नोंद असते. नंबर यादीत बसला तर सामना दिसतो, नाही तर काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात: हा सामना तुमच्या भागात उपलब्ध नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा मुलगा मस्कतला होता. काकूंनी क्रिकेटसाठी ॲपचे वर्षाचे पैसे भरले, मुलाला पासवर्ड दिला. तिकडं काही दिसेना. काकू थेट माझ्या ऑफिसात.

"पैसं भरल्यात की आमी. मग त्याला का दिसत न्हाय?"

"काकू, तो मस्कतला आहे."

"मग काय झालं? खातं तर राजारामपुरीतलंच हाय की!"

मी त्यांना बांध, हक्क, नंबर सगळं समजावलं. त्या शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, "म्हंजे त्यानं घर सोडलं ह्ये कंपनीलाबी कळलं म्हणा." मग त्यांनी स्वतःच तोड काढली. टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर फोन, आणि फोनवर मुलाचा व्हिडिओ कॉल. सामना संपेपर्यंत टीव्हीच्या समोरून कुणी जायचं नाही, असा घरात हुकूम.

दुसरे एक वकील. त्यांना परदेशातली फुटबॉल लीग बघायची होती. कुणीतरी त्यांना आपला नंबर लपवून दुसऱ्या देशातला दाखवणारं ॲप घालून दिलं. दोन दिवसांनी घाबरून माझ्याकडं आले. "फोनवर सगळ्या जाहिराती भलत्याच भाषेत येताहेत. माझा फोन हॉलंडला गेलाय!" फोन त्यांच्या हातातच होता. मी काही मिनिटांत तो परत कोल्हापुरात आणून दिला. सामन्याचं विचारल्यावर म्हणाले, "नको बाबा. उद्या कोर्ट म्हणायचं तुम्ही परदेशात होता."

अशा गमती भरपूर आहेत. या सगळ्यांत बंद करणारा दुसराच कुणीतरी होता आणि मी फक्त समजावून सांगणारा होतो. एकदा मात्र बंद करणारा मीच होतो.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी दोन वाक्यं लिहितो. आमच्याकडं संघ तालमींचे असतात. तालीम म्हणजे मूळ कुस्तीचा आखाडा, पण तालमीची पोरं फुटबॉलही खेळतात आणि अख्खी पेठ त्यांच्यामागं उभी असते. सामने दुपारी चारला. मोठ्या सामन्याच्या दिवशी त्या पेठेतली दुकानं तीनलाच अर्धी शटर ओढतात. मी ज्या सामन्याबद्दल लिहितोय तो अंतिम सामना होता. दोन तालमींची नावं लिहीत नाही. दोन्हीकडची माणसं अजून मला चहा पाजतात.

स्पर्धेतल्या फक्त या अंतिम सामन्याचं प्रक्षेपण पुण्याच्या एका कंपनीनं घेतलं होतं. कॅमेरे, वायरी आणि इथलं सगळं काम माझ्याकडं. बैठकीत स्पर्धा समितीचे सेक्रेटरी म्हणाले, "घरात बसून बघाय मिळाल्यावर मैदानात कोण यील? बाहेरगावच्यांनी बघू दे, परदेशातल्यांनी बघू दे. कोल्हापूर शहर बंद पायजे."

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, एवढ्या एका शहरापुरतं बंद करायचं तर तिथले नंबर नेमके माहीत पाहिजेत, ते आमच्याकडं नाहीत.

मी म्हणालो, "माझ्याकडं आहेत. शहर मी बंद करून देतो."

हे वाक्य मी ज्या सुरात बोललो तो सूर मला अजून आठवतो. टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडं बघायला लागले. केबलवाला म्हणून दारात उभा राहिलेला माणूस त्या दिवशी खुर्चीवर बसून शहर बंद करत होता. सेक्रेटरींनी माझ्यासाठी दुसरा चहा मागवला.

खरं तर ते बंद करणं निम्मं खोटं होतं आणि मला ते ठाऊक होतं. मोबाइलचं इंटरनेट कोल्हापुरात वापरलं तरी त्याचा नंबर बहुतेक वेळा पुण्या-मुंबईचा दिसतो. म्हणजे मोबाइलवाल्यांना सामना दिसणारच होता. बंद पडणार होते ते फक्त माझ्यासारख्यांच्या वायरवरचे लोक. पण हे मी बैठकीत बोललो नाही.

मी यादी करून पाठवली. त्या यादीत माझ्या राजारामपुरीतल्या जोडण्यांचे नंबर होते. आणि त्याच नंबरांत मुरगूड होतं.

ते कसं, ते सांगतो. हे नंबर विकत किंवा भाड्यानं घ्यावे लागतात आणि ते कमी पडतात. म्हणून आम्ही पुष्कळ गिऱ्हाइकं एकाच नंबराच्या पाठीमागं बसवतो. वसतिगृहातल्या शंभर मुलांनी घरी पत्रं टाकली तरी पाकिटावर पत्ता एकच असतो, तसं. कागल तालुक्यात मुरगूडला माझी लाईन गेली होती, तिला वेगळे नंबर घ्यायला हवे होते. मी घेतले नाहीत. मुरगूडची सगळी घरं राजारामपुरीच्या नंबरांमागं बसवली. बाहेरच्या जगाला मुरगूड दिसतच नव्हतं, ती सगळी माणसं राजारामपुरीत राहत होती. एरवी कुणाला कळायचं कारण नव्हतं.

कळलं ते भरमाला. भरमा चौगुले मुरगूडचाच, माझ्याकडं लाईनमन म्हणून लागला आणि पुढं तिकडची सगळी लाईन एकटा बघायला लागला. चाळिशीतला, बोलायला कमी, खांबावर चढायला सगळ्यांच्या पुढं. गिऱ्हाइकांत त्याचा मान माझ्यापेक्षा जास्त होता, कारण तो 'वरूनच बंद आहे' कधी म्हणत नसे. "वायर खराब हाय, दुपारी जोडतो" म्हणायचा आणि जोडायचा.

सामन्याच्या दिवशी सकाळी तो ऑफिसात आला.

"मालक, यादी बघितली मी. मुरगूडबी बंद होणार की."

"कसं काय?"

"कसं काय म्हंजे? आपल्या राजारामपुरीच्याच नंबरातनं बाहेर पडतंय ते. तुमीच तर बसवलंय."

मला ते तेव्हाच आठवलं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. आज लिहितो, यादी पाठवतानाच आठवलं होतं. पण दुरुस्त करायचं म्हणजे कंपनीला सांगायला लागणार की माझ्या नंबरांचा हिशोब सरळ नाही. आणि समितीला सांगायला लागणार की शहर बंद करणं मला वाटलं तेवढं जमत नाही.

"राहू दे," मी म्हणालो. "एक दिवसाचा प्रश्न आहे."

"मगदूम आप्पांचं काय?"

दत्तू मगदूमला मी ओळखत होतो. मुरगूडचा माणूस, पण शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर म्हणून आयुष्य काढलं आणि तेवढी वर्षं राजारामपुरीत आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहिला. त्याचा मुलगा संदीप लहानपणापासून त्या दोन तालमींपैकी एकीकडून खेळायचा आणि पुढं बचावफळीतला त्यांचा भरवशाचा खेळाडू झाला. दत्तूची पाळी कायम दुसरी. तीन वाजता कारखान्यात शिरायचं, अकराला बाहेर यायचं. सामना चारला. आपल्या पोराचा एकही मोठा सामना त्यानं बघितलेला नव्हता. 'रिटायर झालो की मैदानाच्या कठड्यावर बसून बघतो' म्हणायचा. रिटायर झाला आणि सहा महिन्यांत अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. बायको आक्काताई त्याला मुरगूडला घेऊन गेली. घर गावाबाहेर शेताच्या कडेला, तिथं मोबाइलला रेंज बोलण्यापुरतीच, इंटरनेट चालत नाही, म्हणून भरमानं खास तेवढ्यासाठी माझी वायर तिथपर्यंत ओढली होती. कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. संदीप आता तिशी ओलांडलेला. हा शेवटचा हंगाम, असं तो स्वतः म्हणत होता.

भरमा म्हणाला, "धा मिनटांचं काम हाय मालक. आपल्याकडं एक नंबर यादीभाईर मोकळा हाय. आप्पांचं एकट्याचं कनेक्शन त्याच्यावर टाकतो. कुणाला कळतंय?"

तो नंबर मोकळा नव्हता. माझ्या ऑफिसातल्या टीव्हीला मी तो लावला होता. प्रक्षेपण नीट चाललंय का हे बघायला लागतं, हे खरं. पण कंपनीकडं ते बघायला माणसं होती, तेही खरं. मला माझ्या खुर्चीत बसून सामना बघायचा होता.

"एकाला उघडलं की गावाला उघडावं लागेल," मी म्हणालो.

भरमा निघून गेला.

दुपारी दीडच्या सुमारास आक्काताईचा फोन आला. पडद्यावर त्या दोन ओळी आल्या होत्या.

"भाऊजी, 'तुमच्या भागात न्हाय' म्हणून येतंय. आमचा भाग कंचा मग? आमी तर मुरगूडात हाय."

"वहिनी, ते वरूनच बंद आहे."

"वर कुणाला सांगाय लागंल? ह्यास्नी मी सकाळपास्नं आंघोळ घालून, टोपी घालून बसवलंय टीव्हीम्होरं. संदीपच्या तालमीचा बनियनबी घातलाय." तिनं फोन दत्तूच्या कानाला लावला असावा. त्याचं बोलणं आजारानंतर नीट उमटत नसे. मला एवढंच कळलं: "पवार... उघड की."

'वर कुणाला सांगायला लागेल' असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. मी म्हणालो, "बघतो." आणि फोन ठेवला.

चारला सामना सुरू झाला. मी शहर बंद केलेलं होतं आणि शहराच्या मधोमध बसून बघत होतो. मैदान भरलं होतं. ते तसंही भरणारच होतं, अंतिम सामना असा रिकामा कधी जात नाही. मध्ये तीन-चार वेळा भरमाचा फोन आला. मी उचलला नाही.

उत्तरार्धात संदीप चेंडू अडवायला घसरला आणि समोरचा खेळाडू त्याच्या पायावर पडला. चूक कुणाचीच नव्हती. संदीपनं उठायचा प्रयत्न केला, गुडघा त्याला धरेना. परत बसला. मग त्याला उचलून बाहेर नेलं. पुढं ऑपरेशन झालं, चालायला लागला. खेळला मात्र परत कधीच नाही.

मुरगूडला काय झालं ते मला नंतर कळलं. इंटरनेटला रेंज मिळावी म्हणून शेजारच्या चौघांनी दत्तूची खाट उचलून अंगणात आणली, तिथून बांधापर्यंत नेली. पुतणीच्या फोनवर चित्र यायचं, थांबायचं, मधे गोल फिरत राहायचं. खाट बांधावर ठेवून ती माणसं उन्हात उभी होती. त्याच वेळी भरमा मोटारसायकलवर तिथं पोचला होता. माझं ऐकायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. घराजवळच्या खांबावरचा डबा उघडून तो लॅपटॉप लावून बसला. पण जोडणी बदलायची तर ऑफिसातल्या मशिनचा पासवर्ड लागतो, आणि तो फक्त माझ्याकडं होता. त्यासाठीच तो मला फोन करत होता.

मी उचलला नाही, हे वर लिहिलंच आहे.

संध्याकाळी संदीप पडल्याची अकरा सेकंदांची चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरायला लागली. ती मात्र सगळीकडं पोचली. तिला कुठला भाग बंद नव्हता. दत्तूच्या घरीही पोचली. पोराला मैदानात खेळताना त्यानं धड बघितलं ते एवढंच. पूर्ण सामना पुढं कंपनीच्या पानावर आला, भरमानं तो पेनड्राइव्हवर घालून पाठवला होता म्हणे. दत्तूनं लावू दिला नाही.

आणि मग गावात बोलणं सुरू झालं. सामना चालू असताना भरमा डबा उघडून बसलेला सगळ्यांनी बघितला होता. भरमाच्या बायकोचा भाऊ समोरच्या तालमीकडून खेळत होता. आमच्याकडं तालमींचं वैर सोयरिकीतूनही चालत येतं, हे सगळे जाणतात. दोन गोष्टी जोडायला कितीसा वेळ लागतो? भरमानं मेव्हण्याच्या तालमीसाठी मुरगूडची लाईन तोडली. लाईन तोडून जिंकायला मदत कशी होते, हे कुणी विचारलं नाही. मगदुमाला पोराचा खेळ दिसू नये म्हणून तोडली, एवढं पुरेसं होतं.

चार दिवसांनी मुरगूडची दहा-बारा माणसं ऑफिसात आली. भरमा तिथंच कोपऱ्यात जोडणीची पक्कड हातात घेऊन उभा होता. त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "पवारसाहेब, एकच इचारतो. लाईन तुमी बंद केलती का ह्येनं?"

ते वाक्य त्यानंतर मी मनात हजार वेळा ऐकलं आहे. लाईन तुम्ही बंद केली का यानं. उत्तर एका शब्दाचं होतं. समोर समितीचा एक सभासदही बसलेला होता, पुढच्या हंगामाच्या कामाचं बोलायला आलेला.

मी म्हणालो, "चौकशी करतो. दोषी असेल त्याला मी ठेवणार नाही."

भरमानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. खांबावर चढलेला माणूस खालच्यानं शिडी नीट धरली आहे ना, हे जसं बघतो तसं. तो मी बोलायची वाट बघत होता. मी टेबलावरचे कागद सारखे केले. ती माणसं "बरं" म्हणून उठली, आणि जाताना त्यांच्यातला एक भरमाजवळ थांबून म्हणाला, "आप्पांच्या दारात पाय ठेवू नगंस."

दुसऱ्या दिवशी भरमानं पक्कड, टेस्टर, डब्यांच्या किल्ल्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या.

"मालक, चौकशी झाली का?"

"थोडं थंड होऊ दे रे. मग मी सांगतो सगळ्यांना."

"कवा?"

मी किल्ल्या खणात टाकल्या. तो गेला. त्याच्या मुलीला शाळेत चिडवायला लागले, बायकोला डेअरीत रांगेत कुणी बोलेना. वर्ष व्हायच्या आत तो घराला कुलूप लावून इचलकरंजीला गेला. तिथं कारखान्यांत सीसीटीव्ही बसवतो असं ऐकत होतो. चौकशी मी कधीच केली नाही. करायची कुणाची?

थंड झालं की सांगू, हे मी किती वर्षं म्हणत होतो ते लिहायला लाज वाटते. थंड झाल्यावर वाटायचं, आता कशाला उकरून काढायचं. पुढच्या हंगामाचं काम मला मिळालं होतं. मुरगूडसाठी मी गुपचूप वेगळे नंबर घेतले आणि सगळं नीट केलं, म्हणजे चूक होती हे फक्त मशिनला कळलं.

मागच्या वर्षी दत्तू गेला. मी दहाव्याला गेलो होतो. नदीकाठी संदीप माझ्याजवळ येऊन उभा राहिला, एक पाय जरासा ओढत. सहज बोलता बोलता म्हणाला, "आप्पांनी शेवटपतोर घरात भरमाचं नाव काढू दिलं न्हाय बघा." मी तेव्हाही मान हलवली. दत्तूला सांगायची संधी माझ्याकडं इतकी वर्षं होती. खाटेवरचा माणूस कुठं जाणार होता? मी गेलो असतो तर तो सापडलाच असता.

हा लेख लिहायचं ठरल्यावर मी भरमाचा नंबर मिळवला आणि फोन केला. सगळं सांगितलं. तुझं नाव छापलं तर चालेल का, असं विचारलं. पलीकडं यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. तो बाजूला गेला असावा, आवाज कमी झाला.

"छापा की," तो म्हणाला. "पर मुरगूडात दिवाळी अंक कोण वाचतंय, मालक?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

म्हणून लेख संपादकांकडं पाठवायच्या आधी मी बाजाराच्या दिवशी मुरगूडला गेलो. चौकातल्या चहाच्या गाड्यावर त्या दिवशी ऑफिसात आलेल्यांपैकी दोघं बसलेले होते. मला ओळखून त्यांनी बाकावर जागा केली. मी उभाच राहिलो आणि जरा मोठ्यानं सांगितलं, त्या सामन्याच्या दिवशी लाईन मी बंद केली होती, भरमा ती चालू करायला आला होता.

"कंचा सामना?" एकानं विचारलं.

मी सांगितलं. त्याला आठवेना. दुसऱ्यालाही कोण जिंकलं ते आठवेना. त्यावर त्यांचा थोडा वाद झाला.

"भरमा म्हंजे चौगुल्याचा न्हवं? त्येनंच तोडलती की लाईन."

"त्यानं नाही. मी."

"मग त्यो गाव सोडून का गेला?" तो माझ्याकडं अगदी सरळ बघत म्हणाला. "चूक नसताना कोण जातंय व्हय?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, यादी, नंबर, पासवर्ड. गाड्यावरची दोन-तीन माणसं ऐकत थांबली. एक जण चहाचा कप ठेवून म्हणाला, "मग इतकी वर्सं काय करत हुतासा, पावणं?" आणि निघून गेला.

तिथून दत्तूच्या घरी गेलो. संदीप गोठ्यात होता. त्यानं अर्धंच ऐकलं, दुधाची किटली खाली ठेवली आणि म्हणाला, "मला नगा सांगू. आईला सांगा. त्या दिवशी आप्पांच्या खाटंजवळ ती हुती."

आक्काताई तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली. "या भाऊजी, किती दिसांनी. उन्हातनं आलासा, पाणी घ्या आधी."

"वहिनी, आधी ऐका. मग पाणी द्या."

ती तांब्या हातात धरून उभी राहिली. मी सांगितलं. फोनवर मी काय बोललो आणि का बोललो, ऑफिसात कोण सामना बघत होतं, भरमाचे फोन कुणी उचलले नाहीत. माझं संपल्यावर तिनं तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला आणि पदराला हात पुसले.

"भरमाला फोन लावा," ती म्हणाली.

मी लावला. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि पाठ फिरवून अंगणात गेली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. एकदा खांदा हलताना दिसला. बराच वेळ ती तशीच उभी होती. मला तहान लागली होती, तांब्या हाताच्या अंतरावर होता. तो उचलायचं धाडस मला झालं नाही.